तांदूळ आणि घेवडा घातलेले मिलानी मिनेस्त्रोने: तांदूळ कोणता, तो कधी घालावा आणि दाटपणा कशाने आणावा?

ओसरी (पुणे)

नमस्कार. डिसेंबरच्या अखेरीस आमच्याकडे दहा-बारा जण रात्री जेवायला यायचे आहेत. त्यांत सत्तरी ओलांडलेली मंडळी आहेत, शाळकरी मुले आहेत आणि सगळेच शाकाहारी आहेत. आधी सूप आणि मग चार पदार्थांचे जेवण असा घाट न घालता सूप हेच जेवण व्हावे, सोबत पाव आणि एखादी कोशिंबीर पुरावी, अशा विचाराने मी मिलानच्या बाजूला करतात ते तांदूळ आणि घेवडा घातलेले दाट मिनेस्त्रोने करणार आहे. आपल्याकडे हॉटेलांत या नावाखाली जे पुढ्यात येते, म्हणजे टोमॅटोच्या पातळ आंबट रसात तरंगणारी मॅकरोनी, फरसबीचे चार तुकडे आणि वर कॉर्नफ्लोअरचा बुळबुळीतपणा, ते मला मुळीच नको आहे.

अडचण अशी की वाचनात आलेल्या कृती एकमेकींशी जुळत नाहीत. एका ठिकाणी तांदूळ भाज्यांबरोबरच शिजायला टाकला आहे, दुसऱ्या ठिकाणी शेवटच्या पंधरा मिनिटांत घातला आहे, तर तिसऱ्या ठिकाणी वेगळा भात करून वाढताना मिसळला आहे. कडधान्य म्हणून बोर्लोत्ती नावाचा ठिपक्यांचा घेवडा सांगितलेला असतो, तो मला इथे सहज मिळणार नाही. जवळजवळ प्रत्येक कृतीत पान्चेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाकडचे खारवलेले मांस, परतून सुरुवात केलेली आहे आणि ते वगळल्यावर त्याची जागा कशाने भरावी याबद्दल कोणीच काही सांगत नाही. घेवडा प्रेशर कुकरमध्ये शिजवल्यास मूळ पदार्थाच्या चवीत फरक पडतो का, आपल्याकडचा कोणता तांदूळ चालेल आणि हे सगळे आदल्या दिवशी करून ठेवता येईल का, हेही जाणून घ्यायचे आहे. ज्यांनी हा पदार्थ इटलीत खाल्ला किंवा केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


तिचिनोकाठ (पाविया, इटली)

ओसरीताई, मी मिलानच्या दक्षिणेला भाताच्या शेतांच्या पट्ट्यात राहतो आणि थंडीत हे सूप आमच्या घरी नेहमी होते. आपण दिलेल्या तीन पद्धतींपैकी शेवटच्या पंधरा मिनिटांची पद्धत खरी. या पदार्थात भाज्यांची यादी फारशी महत्त्वाची नसते, कारण ती ऋतूप्रमाणे आणि घराप्रमाणे बदलते. महत्त्व असते ते कोणती गोष्ट कोणत्या वेळी भांड्यात पडते याला. घेवडा आणि बटाटा दीर्घकाळ शिजून रसाला अंग देतात आणि तांदूळ त्या तयार रसात शेवटी शिजतो. हा क्रम उलटा केला की तांदूळ फुटून त्याची पेज होते आणि घेवडा मात्र टणकच राहतो.

मिलानमध्ये तांदूळ का आणि जेनोव्हात त्याच सूपात पास्ता आणि वरून पेस्तो, म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी, का, याचे उत्तर जमिनीत आहे. पो नदीच्या खोऱ्यात पंधराव्या शतकापासून भातशेती रुजली. १४७५ मध्ये मिलानच्या ड्यूकने फेराराच्या ड्यूककडे तांदळाची पोती पाठवल्याचा उल्लेख सापडतो. पुढे १८६६ मध्ये कावूर कालवा वाहू लागला आणि व्हेर्चेल्ली, नोव्हारा व लोमेल्लीना हा सारा पट्टा पाण्याखालच्या भातखाचरांनी भरून गेला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या खाचरांत बेणणी करायला दूरदूरच्या गावांतून बायका येत असत आणि त्यांच्या ताटात बहुतेक वेळा तांदूळ आणि घेवडाच असे. व्हेर्चेल्लीची पानिस्सा आणि नोव्हाराची पानिश्शा हे घट्ट प्रकार याच जोडीचे आहेत. मिनेस्त्रोने हे त्यांचे रसदार भावंड मानावे. १८९१ मध्ये इटालियन पाककृतींचे लेखक पेल्लेग्रिनो आर्तुसी यांनी छापलेल्या मिनेस्त्रोनेच्या कृतीतही पास्ता नसून तांदूळ आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येतो. सहा जणांच्या पोटभर जेवणासाठी कोरडा घेवडा २०० ग्रॅम, तांदूळ १५० ग्रॅम, बटाटे ३०० ग्रॅम, कोबी पाव किलो, दोन गाजरे, सेलरीचे दोन दांडे, एक मोठा कांदा, दोन झुकिनी, तीन पिकलेले टोमॅटो, वाटीभर मटार, लसणाच्या दोन पाकळ्या आणि मूठभर पार्सली घ्यावी. पाणी, घेवडा शिजवलेले पाणी धरून, अडीच लिटर लागते. बारा जणांसाठी सर्व जिन्नस दुप्पट करावेत, पण पाणी साडेचार लिटरच ठेवावे, कारण मोठ्या भांड्यातून तुलनेने कमी वाफ उडते. भांडे जाड बुडाचे आणि दहा-बारा लिटरचे हवे. तेवढे नसल्यास दोन पातेल्यांत करणे बरे, काठोकाठ भरलेल्या भांड्यात भाज्या नीट ढवळता येत नाहीत आणि तळाशी बटाटा लागतो.

कांदा, गाजर आणि सेलरी हे तिन्ही अगदी बारीक, मटाराच्या दाण्याहूनही लहान चिरावेत. चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल आणि एक चमचा लोणी गरम करून त्यात हे चिरलेले मंद आचेवर पंधरा मिनिटे परतावे. आपल्या हाताला कांदा तांबूस होईपर्यंत परतण्याची सवय असते, ती इथे आवरावी लागते. कांदा पारदर्शक व्हावा, गाजराच्या केशरी रंगाने तेल पिवळे व्हावे आणि भांड्यातून तडतड न येता हलकीशी सळसळ ऐकू यावी, इतपतच. तळाला तपकिरी रंग धरू लागल्यास दोन चमचे पाणी शिंपडावे. लसूण शेवटच्या मिनिटाला घालावा. या टप्प्यावर घाई केली की पुढे कितीही वेळ शिजवले तरी सूपाला उकडलेल्या भाजीचा वास राहतो.

त्यानंतर बटाट्याच्या आणि झुकिनीच्या फोडी घालून पाच मिनिटे परताव्यात, मीठ घालावे, मग घेवडा त्याच्या पाण्यासकट ओतावा आणि उरलेले गरम पाणी घालावे. हा घेवडा आधी वेगळा शिजवून तीन-चतुर्थांश मऊ झालेला असावा. उकळी आली की आच इतकी कमी करावी की पृष्ठभागावर मधूनमधून एखादाच बुडबुडा फुटेल. झाकण अर्धवट ठेवून पाऊण तास जाऊ द्यावा. घेवडा बोटाने सहज चेपला जाऊ लागला की मगच टोमॅटो आणि लांब चिरलेला कोबी घालावा, कारण टोमॅटोचा आंबटपणा घेवड्याच्या सालीला मऊ होऊ देत नाही. पुढे आणखी अर्धा तास. आता तीन-चार डाव घेवडा आणि बटाटा बाहेर काढून रवीने किंवा वाटीच्या बुडाने चेचून परत भांड्यात मिसळावा. सूपाला जो दाटपणा येतो तो एवढ्यानेच येतो. कॉर्नफ्लोअर, मैदा, मलई यांपैकी कशाचीही गरज पडत नाही.

जेवायला बसण्याच्या वीस मिनिटे आधी मटार आणि तांदूळ घालावा. इथे सूपासाठी बहुतेक घरांत ओरिजिनारियो नावाचा आखूड गोल दाण्याचा, स्वस्तातला तांदूळ वापरतात. रिसोत्तोसाठी प्रसिद्ध असलेले आर्बोरियो आणि कार्नारोली चालतात, पण त्यासाठी मुद्दाम महागाचा आयात केलेला तांदूळ विकत घ्यावा असे मला वाटत नाही. पुण्यात आपल्याला मावळातला इंद्रायणी मिळतो. तो चिकट आहे आणि रसात पिठूळपणा सोडतो, म्हणजे हवे ते गुण त्यात आहेत. मात्र तो वर्षभर जुना असावा. नव्या इंद्रायणीचा गोळा व्हायला वेळ लागत नाही. आंबेमोहोर शिजायला चांगला असला तरी त्याचा वास भाज्यांच्या डोक्यावर बसतो, आणि बासमती इथे अगदीच उपरा. तांदूळ एकदाच धुऊन, न भिजवता टाकावा आणि बारा मिनिटांनंतर दर मिनिटाला एक दाणा चावून बघावा. मध्ये किंचित कणी जाणवत असतानाच आच बंद करावी. झाकून दहा मिनिटे ठेवले की उरलेले काम उष्णता करते.

पान्चेत्ताने या सूपाला तीन गोष्टी मिळतात: चरबी, मीठ आणि तोंडात रेंगाळणारा रुचकरपणा. पहिली लोण्याने भागते, दुसरीला मीठ आहेच. तिसरीसाठी मी सुकवलेले पोर्चीनी मशरूम वापरतो. १० ग्रॅम मशरूम कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, बारीक चिरून कांद्याबरोबर परतावेत आणि भिजवलेले पाणी गाळून सूपात घालावे. ही माझी पळवाट नव्हे. जेनोव्हाकडच्या मिनेस्त्रोनेत सुके मशरूम घालण्याची जुनी रीत आहे. इथे पार्मेझान चीजची किसून उरलेली कडक पाठही खरवडून, धुऊन सूपात सोडतात; ती तासाभरात मऊ होते आणि तिचा खारट-खमंग अर्क रसात उतरतो.


घेवडेकर (कोरेगाव, जि. सातारा)

तिचिनोकाठ यांनी घेवड्याची बाजू थोडक्यात आटोपली आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. बोर्लोत्ती मिळत नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही, कारण त्याचा सख्खा म्हणावा असा नातेवाईक आमच्या तालुक्यात पिकतो. वाघ्या घेवड्याचा दाणा फिकट गुलाबी असून त्यावर तांबूस पट्टे असतात आणि या पिकाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. बोर्लोत्ती काय, राजमा काय आणि वाघ्या काय, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही एकाच जातीची वाणे आहेत आणि ती सगळी मूळची अमेरिका खंडातली. शिजल्यावर वाघ्याचे पट्टे जातात आणि दाणा सरसकट तपकिरी होतो. बोर्लोत्तीचेही नेमके असेच होते, तेव्हा रंग गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नये. त्याची साल काश्मिरी राजम्यापेक्षा पातळ आणि आतला गर लोण्यासारखा असल्याने चेचून रस दाट करण्याला तो फार चांगला.

हे पीक खरिपाचे असल्याने डिसेंबरात बाजारात नवा माल असतो आणि आपला बेत नेमका त्याच महिन्यात आहे. नवा घेवडा रात्रभर भिजवला तर पाऊण तासात मऊ होतो. दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला घेवडा मात्र दोन तास शिजवूनही आतून खडखडीत राहू शकतो. उष्ण आणि दमट जागी साठवलेल्या कडधान्याच्या सालीत आणि गरात असे काही बदल होतात की नंतर पाणी आत शिरले तरी दाणा विरघळत नाही. विकत घेताना दाण्यावर चकाकी आहे ना, सुरकुत्या नाहीत ना, एवढे पाहावे.

भिजवण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मोठा चमचा मीठ घालावे. मिठाने कडधान्य कडक होते असे घरोघरी सांगितले जाते, पण भिजवताना घातलेले मीठ उलट साल मऊ करते, कारण सालीतल्या कॅल्शियमची जागा सोडियम घेते. याच कारणाने बोअरवेलच्या जड पाण्यात घेवडा लवकर शिजत नाही. त्या पाण्यात कॅल्शियम भरपूर असते. आपल्याकडे तसे पाणी असल्यास घेवड्यापुरते पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे. सोड्याची चिमूट काम करते, मात्र जरा जास्त पडली की साबणासारखी चव येते, म्हणून मी ती सुचवणार नाही.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या जातीच्या कच्च्या दाण्यात एक विषारी प्रथिन असते. लाल राजम्यात त्याचे प्रमाण विशेष असते आणि अर्धकच्चे दाणे पोटात गेले तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. भिजवलेले पाणी फेकून द्यावे, नवे पाणी घालावे आणि मंद आचेवर नेण्यापूर्वी घेवडा किमान दहा मिनिटे खळखळ उकळावा. विजेवरच्या मंद शिजवणाऱ्या भांड्यात कोरडा घेवडा थेट टाकू नये, कारण तिथले तापमान त्या विषाचा नाश होण्याइतके चढेलच असे नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान १०० अंशांच्या वर जात असल्याने ही भीती राहत नाही. म्हणून कुकर खुशाल वापरावा. नवा वाघ्या असेल तर एका शिट्टीनंतर आच बारीक करून पाच-सात मिनिटे पुरेत. वाफ आपोआप जिरू द्यावी, घाईने शिट्टी उचलली की साली फुटतात. एक तमालपत्र आणि लसणाची न सोललेली पाकळी कुकरमध्येच टाकावी. ज्या पाण्यात घेवडा शिजला ते ओतून देऊ नये, कारण अर्धी चव त्यातच उतरलेली असते.

घेवडा मिळालाच नाही तर चवळी चालेल. अमेरिकेतले घेवडे युरोपात पोचण्याआधी इटलीतले लोक खात होते ते चवळीच्याच कुळातले दाणे. फक्त चवळीत गर कमी असल्याने ती चेचून फारसा दाटपणा येत नाही. तेव्हा बटाटा थोडा वाढवावा.


तव्यावरची (ठाणे)

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु सर्व पाहुणे शाकाहारी आहेत हे लक्षात घेता पार्मेझानबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. पार्मिज्जानो रेज्जानो या नावाने विकले जाणारे खरे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेले असते. त्या चीजच्या नियमांतच तसे घालून दिलेले असल्याने ‘शाकाहारी पार्मिज्जानो’ असा प्रकार संभवत नाही. ग्राना पादानोचेही तसेच. मशरूम आणि भाज्यांचे सूप करून वर हे चीज भुरभुरले तर कडक पथ्य पाळणाऱ्या पाहुण्यांची फसवणूक होईल, म्हणून भारतात सूक्ष्मजीवांपासून बनवलेले रेनेट वापरून केलेले आणि वेष्टनावर हिरवा ठिपका असलेले कडक चीज घ्यावे. बाटलीतल्या तयार पेस्तोतही बहुधा हेच चीज असते, हेही ध्यानात ठेवावे.

तांदळाच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. बारा माणसे एकाच वेळी पानावर बसतील याची खात्री आपल्या घरांत कोण देणार? कोणी रहदारीत अडकतो, मुले आधी जेवतात, मोठी माणसे गप्पांत असतात. तोवर सूपातला तांदूळ फुगून त्याची खिचडी होणार. भात वेगळा, थोडा मोकळा शिजवून ठेवावा आणि ज्याच्या त्याच्या वाडग्यात डावभर घालून वर कढत सूप ओतावे, हे जास्त सोयीचे नाही का?


तिचिनोकाठ (पाविया, इटली)

चीजविषयीची सूचना अगदी रास्त आहे. इथे राहून ती बाब माझ्या लक्षातून सुटते. मग चीजची पाठ सूपात सोडणेही ओसरीताईंनी टाळावे आणि मशरूम १० ग्रॅमऐवजी १५ ग्रॅम घ्यावेत.

वेगळ्या भाताचे मला पटत नाही. तांदूळ सूपात शिजताना रस शोषून घेतो आणि त्याच्या बदल्यात आपला पिठूळपणा रसाला देतो. या देवघेवीमुळे सूप आणि तांदूळ एकजीव होतात. वेगळा केलेला भात वाडग्याच्या तळाशी जाऊन बसतो आणि सूप त्याच्यावरून वाहून जाते. आमटी-भात म्हणून ते वाईट लागणार नाही, पण ते मिनेस्त्रोने राहणार नाही. तरीही आपण मांडलेली अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय असा की सूप तांदळाशिवाय तयार ठेवावे, मुलांची पंगत आधी असेल तर त्यांच्यापुरते सूप लहान पातेल्यात काढून त्यात तांदूळ शिजवावा आणि मोठ्यांचा तांदूळ ते खरोखर हात धुऊन बसायला निघाले की टाकावा. पंधरा मिनिटे माणसे पाव आणि कोशिंबिरीवर थांबू शकतात.

भाज्यांच्या पर्यायांबद्दल सांगायचे राहून गेले. इथे वापरतात तो सॅव्हॉय, म्हणजे सुरकुतलेल्या पानांचा कोबी, न मिळाल्यास साध्या कोबीची बाहेरची हिरवी पाने वापरावीत, आतली पांढरी गड्डी गोडसर आणि पाणचट लागते. झुकिनीला पर्याय म्हणून कोवळा दुधी ठीक आहे. डिसेंबरात लाल भोपळा घातला तर फार छान. इथेही थंडीत तो घालतात. सेलरीला मात्र पर्याय नाही. ओव्याची पाने किंवा कोथिंबिरीच्या काड्या हा तिचा बदल होऊ शकत नाही, त्यांनी पदार्थाची दिशाच बदलते. सेलरी मिळाली नाही तर कांदा-गाजर थोडे जास्त घेऊन तिच्याविनाच करावे. फ्लॉवर, ढोबळी मिरची आणि बीट या तिघांना दूर ठेवावे: पहिल्याचा वास पसरतो, दुसरीची चव सगळ्यांवर कुरघोडी करते आणि तिसऱ्याने रंगाचा विचका होतो. मिरे वाढताना ताजे कुटून घालावेत. जिरे, गरम मसाला, तिखट काही नको. ज्यांना झणझणीत हवे त्यांनी वाडग्यात लाल मिरचीचे तुकडे घ्यावेत.


ओसरी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. घेवडेकर, वाघ्या घेवडा मंडईत चौकशी करून आणते. नाव ऐकून होते, पण तो अशा कामाला येईल हे डोक्यात आले नव्हते. तव्यावरची, चीजचे सांगितलेत ते फार बरे झाले, कारण आमच्याकडचे दोन पाहुणे त्याबाबत अतिशय काटेकोर आहेत.

आता एकच शंका उरली आहे. तांदूळ सोडून बाकी सूप आदल्या रात्री करून ठेवले तर चवीत बिघाड होईल की ते अधिक मुरेल? आणि उरलेच तर दुसऱ्या दिवशी त्याचे काय करावे? मिलानमध्ये हे सूप उन्हाळ्यात गार खातात असे वाचले होते. शिजवून रात्रभर ओट्यावर ठेवले तर चालते असा त्याचा अर्थ घ्यावा का?


तिचिनोकाठ (पाविया, इटली)

आदल्या रात्री केलेले सूप नक्कीच मुरते. घेवडा आणि बटाटा रात्रीतून आणखी पिठूळपणा सोडतात, टोमॅटोची धार बोथट होते आणि कोबी रसाशी मिळून जातो. शक्य असेल तर आदल्या दिवशीच करावे असे मी सांगेन. दुसऱ्या दिवशी ते गोठल्यासारखे घट्ट दिसेल, तेव्हा तांदूळ टाकण्याआधी अर्धा ते पाऊण लिटर कढत पाणी घालून सैल करावे, कारण तांदूळही आपल्या वाटणीचे पाणी पिणार आहे. पार्सली आणि मटार त्याच वेळी घालावेत म्हणजे हिरवे राहतील. मीठ पुन्हा चाखून बघावे; घट्ट सूपात बरोबर वाटलेले मीठ पाणी वाढवल्यावर कमी पडते.

ओट्यावर रात्रभर ठेवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. मिलानमध्ये उन्हाळ्यात जे गार मिनेस्त्रोने मिळते ते सकाळी करून वाडग्यांत वाढून, तांदूळ रसात फुगून जवळजवळ थिजलेले, अशा रूपात त्याच दिवशी खोलीच्या तापमानाला खातात. ते बाहेर दिवसचे दिवस ठेवलेले नसते. दहा लिटरचे भरलेले भांडे निवायला खूप वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात मधला भाग कोमट राहून आंबतो. सूप दोन-तीन पसरट भांड्यांत वाटून, ती भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळावीत आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जावीत असे पाहावे.

तांदूळ घातलेले सूप उरल्यास अधिकच जपावे. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात एक जिवाणू वाढतो आणि त्याने सोडलेले विष नंतर उकळूनही नाहीसे होत नाही, म्हणून उरलेले सूप जेवणे आटोपताच फ्रीजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्याच दिवशी संपवावे. त्यात पाणी घालून ते पुन्हा सूप करण्याचा खटाटोप मी करत नाही, कारण तांदूळ तोवर पार मऊ झालेला असतो. त्यापेक्षा पसरट तव्यात दोन चमचे ऑलिव्ह तेल तापवून हा घट्ट गोळा थालीपिठाच्या जाडीने थापावा, खालून खरपूस पापुद्रा धरेपर्यंत हलवू नये आणि मग ताटलीच्या आधाराने उलटून दुसरी बाजू भाजावी. चीज उरले असेल तर ते वरून किसावे.


घेवडेकर (कोरेगाव, जि. सातारा)

ओसरीताई, मंडईत विचारताना ‘वाघ्या’ असेच विचारावे. नुसता घेवडा मागितला तर भाजीच्या हिरव्या शेंगा किंवा लाल राजमा पुढे करतील. बारा जणांसाठी ४०० ग्रॅम लागतो. अर्धा किलो घ्यावा आणि त्यातले मूठभर दाणे आधी घरच्या पाण्यात भिजवून शिजवून पाहावेत, म्हणजे माल नवा आहे की जुना आणि कुकरला किती वेळ द्यायचा हे पाहुणे येण्याआधीच कळेल.